पुरण, सारण आणि खोगीरभरती

यंदा 17 मे ते 15 जून 2026 हा अधिक ज्येष्ठ. मराठवाड्यात याला धोंड्याचा महिना म्हणतात. लेकीला आणि जावयाला आवर्जून बोलावणं जातं, 33 अनारशांचं किंवा बत्ताशांचं वाण देतात आणि ताटात वाढतात धोंडे, म्हणजे कणकेच्या पारीत पुरण भरून उकडलेले गोळे. वरून तुपाची धार. जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात, जांब समर्थच्या पंचक्रोशीतही धोंड्याचं जेवण म्हणजे लेकीच्या माहेरपणाचाच सोहळा.

धोंड्याची सगळी मदार पुरणावर. हरभऱ्याची डाळ बोटाने चेपली की मोडावी इतपत शिजवायची आणि पाणी निथळून घ्यायचं. ते पाणी टाकून देत नाहीत, त्याची येळवण्याची आमटी होते. मग डाळीत गूळ घालून आटवायचं. हा घट्ट होत आलेला गोळा रटरटताना हातावर उडतो, म्हणून उलथनं लांब दांड्याचं हवं. उलथनं मधोमध उभं राहिलं की पुरण झालं. वेलदोडा, जायफळ, सुंठ घालून गरम असतानाच पाट्यावर किंवा पुरणयंत्रातून वाटायचं, कारण गार झालं की ते दाटतं आणि वाटणाऱ्याचा हात भरून येतो. सैल राहिलं तर पोळी तव्यावर फुटते.

कणीक इथे केवळ पुरण धरून ठेवायला असते. नागपंचमीला चिरणं, तळणं, तवा चढवणं वर्ज्य, तरी पुरण सुटत नाही; त्याची दिंडं उकडतात. श्रावणी शुक्रवारी जिवतीच्या पूजेनंतर पुरणाचेच दिवे करून मुलांना ओवाळतात. पोळ्याला बैलालाही पुरणपोळीचा घास मिळतो.

करंजीच्या आणि मोदकाच्या पोटात जातं ते सारण. वांग्याला मात्र चार चिरा देऊन भरायचा तो मसाला: शेंगदाण्याचा कूट, तीळ, कारळं, खोबरं, लसूण. आत काय आहे त्याप्रमाणे नाव बदलतं, आणि प्रत्येक नावामागे एक चव उभी राहते. ही भाषेची श्रीमंती जपायला हवी. हल्ली साऱ्याला ‘स्टफिंग’ म्हटलं जातं आणि पुरण, सारण, मसाला हा भेद त्यात विरून जातो.

भरण्याची दुसरी जात घोड्याच्या पाठीवर आहे. खोगीर फुगावं म्हणून त्यात चिंध्या, गवत, टाकाऊ लोकर कोंबत. त्या भरताडाचं नाव खोगीरभरती. पुढे निव्वळ संख्या वाढवायला घेतलेली माणसं, पानं भरायला लिहिलेला मजकूर, सारं याच नावाखाली आलं. पु. ल. देशपांडे यांच्या एका पुस्तकाचं नावही ‘खोगीरभरती’च आहे.

कवितेतली भरती याहून जुनी. श्लोकाचा चरण अक्षरांनी कमी पडला की संस्कृत कवी च, हि, तु, वै अशी अव्ययं घालत. व्याकरणात त्याला पादपूरण म्हणतात. ताटातलं पुरण आणि चरणातलं पूरण यांचा धातू एकच, पण एक काढून घेतलं तर पदार्थच उरत नाही आणि दुसरं काढलं तर अर्थाला धक्का लागत नाही, केवळ वृत्त लंगडतं.

कवितेत आतून आलेलं आणि बळेच भरलेलं यांतला भेद जांबच्याच सुपुत्राने फार कळकळीने मांडला आहे. सूर्याजीपंत ठोसरांचा नारायण, पुढचे समर्थ रामदास, 1608 मध्ये रामनवमीला इथेच जन्मले. दासबोधाच्या चौदाव्या दशकातल्या तिसऱ्या समासात ते कवित्वाचे प्रकार सांगतात. मनात येईल ते बळेच रचलेलं ते धीट. इतरांचे ग्रंथ पुष्कळ पाहून त्यांच्यासारखंच उतरवलेलं ते पाठ. दिसेल त्याचं झटपट वर्णन करून भक्तीवाचून जोडलेलं ते धीटपाठ. या साऱ्यांच्या वर त्यांनी ठेवलं ते प्रासादिक, भगवंताच्या ओढीने आतून आलेलं.