दृष्टिहीनांचा जलप्रवास : समज आणि वस्तुस्थिती

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातून समुद्र गाठायचा म्हणजे आगगाडीत निदान एक रात्र काढणे आले. अशा या पाऱ्यातील आमच्या शेजारच्या अण्णांनी, काचबिंदूने दोन्ही डोळ्यांची दृष्टी जवळजवळ हिरावून घेतल्यावर, मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या क्रूझवर जाण्याचा मनोदय प्रकट केला, तेव्हा ओट्यावर जमलेल्या मंडळींनी जी मते दिली ती सहानुभूतीची असूनही बहुतांशी चुकीची होती.

“दिसतच नाही, तर समुद्र कशाला?” हा पहिला आक्षेप. ब्रिटिश आरमारातील अधिकारी जेम्स होल्मन (१७८६–१८५७) पंचविशीत पूर्ण आंधळा झाला आणि त्यानंतर १८२७ ते १८३२ या काळात, शिडाच्या जहाजांवरून, पृथ्वीप्रदक्षिणा करून आला. त्या प्रवासात त्याने हिंदुस्थानही पाहिला, आणि ‘पाहिला’ हेच क्रियापद मी येथे जाणूनबुजून योजतो. शिवाय दृष्टिबाधा म्हणजे केवळ काळोख हीही समजूत बरोबर नाही. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे, चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ३/६० पेक्षा कमी, म्हणजे इतरांना साठ मीटरांवरून दिसणारे तीन मीटरांवरूनही न दिसण्याइतकी, असेल तर अंधत्व. आणि तेथपासून ६/१८ पर्यंत अल्पदृष्टी. अशा अल्पदृष्टीच्या माणसाला जिन्याच्या पायरीची ठळक रंगाची कड आणि मोठ्या टाइपातील जेवणाची यादी यांचा जितका उपयोग, तितका ब्रेलचा नाही. आणि उतारवयात दृष्टी गेलेल्या अनेकांना तर ब्रेल वाचताच येत नाही.

येथून आपण मुख्य गैरसमजाकडे येतो. जहाजावर ‘दिव्यांगांसाठी राखीव’ म्हणून जे केबिन असते ते घेतले की सर्व तजवीज झाली, असे आरक्षण करणारे दलालही सांगतात. पण त्या केबिनचे रुंद दार, बिनउंबऱ्याचे न्हाणीघर आणि भिंतीतील धरण्याचे दांडे ही सोय मुख्यतः चाकाच्या खुर्चीसाठी असते, आणि ज्याचे पाय धड आहेत त्याला त्या प्रशस्त खोलीत हाताला भिंत लागेपर्यंत उलट अधिक चाचपडावे लागते. त्याला हवी असते ती माहिती: केबिन लिफ्टपासून कितव्या दारावर आहे, भोजनगृहाला कोणता जिना जातो, सज्ज्याच्या दाराला उंबरा आहे काय. जहाजावर उंबरे असतात, कारण पाणी आत येऊ द्यायचे नसते. पण ज्याचा जन्म ब्राह्मणपाऱ्यातील जुन्या घरात गेला त्याचा पाय उंबऱ्याला चुकणार नाही, हे मी पैजेवर सांगतो. दारे मात्र सारखी, एकामागून एक, न संपणारी. म्हणून अनुभवी प्रवासी आपल्या दाराच्या मुठीला दोरा किंवा रबराचे कडे बांधतात आणि किल्लीच्या कार्डाचा एक कोपरा कोणत्या बाजूने घालायचा हे कळावे म्हणून कापून घेतात. पहिल्या दिवशी गर्दी होण्यापूर्वी एखाद्या कर्मचाऱ्याबरोबर सारे जहाज एकदा पायाखाली घालण्याची विनंती आगाऊ करावी. कारण शहरासारखे जहाज रोज उकरले जात नाही, एकदा शिकलेली वाट तेथे प्रवास संपेपर्यंत तशीच राहते.

“आणि बुडू लागले तर?” हा प्रश्न दबक्या आवाजात विचारला गेला. संकटाचा सर्वसाधारण इशारा सात किंवा अधिक आखूड आणि त्यानंतर एक लांब भोंगा असा असतो, म्हणजे तो मुळी कानांसाठीच आहे. इटलीच्या किनाऱ्यावर २०१२ साली ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ कलंडल्यानंतर नियम कडक झाले आणि २०१५ पासून, चोवीस तासांहून अधिक काळ जहाजावर राहणाऱ्या प्रवाशांची कवायत बंदर सोडण्यापूर्वी किंवा सोडताच घेणे बंधनकारक झाले. त्या कवायतीत जीवरक्षक जाकीट हाताने चाचपून, बंद लावून पाहावे, आणि वाट दाखवण्यास कोण येणार ते निश्चित करून घ्यावे.

कंपनीची मर्जी हाच कायदा, ही समजूतही सर्वत्र खरी नाही. युरोपीय संघाच्या २०१० च्या नियमानुसार, सुरक्षिततेचे किंवा जहाजाच्या रचनेचे कारण नसेल, तर केवळ दिव्यांगतेवरून आरक्षण नाकारता येत नाही. आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली ‘स्पेक्टर’ खटल्यात, परदेशी निशाण फडकवणाऱ्या क्रूझ जहाजांनाही अमेरिकी पाण्यात तेथील दिव्यांग कायदा लागू होतो, असा निवाडा दिला.

रेल्वेत दृष्टिहीनास आणि सोबत्यास शयनयानात पंचाहत्तर टक्के सवलत मिळते, तशी जहाजावरही मिळेल असे अण्णांच्या सुनेने गृहीत धरले होते. ती मिळेल असे धरून चालू नये. क्रूझचे भाडे साधारणतः दोघांच्या केबिनवर आकारतात, त्यामुळे एकट्याने जाणेच पुष्कळदा महाग पडते. हे कळल्यावर सूनबाई स्वतःच सोबत निघाल्या.

आरक्षणाचे पत्र मी लिहिले. लिफ्टपासूनची दारे आणि उंबऱ्याची उंची हे प्रश्न माझे. तिसरा अण्णांनी सांगितला, की रात्री दोनच्या सुमारास, वारा असताना, उघड्या डेकवर बसण्यास मुभा आहे काय.