हिमालयाची यात्रा : पायांचें बळ आणि विरळ हवा

ठाण्याच्या खाडीच्या पूर्वेस, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशीं महापे हें गांव आहे. एके काळीं भातशेतीवर जगणारें हें गांव आज कारखाने व संगणक-व्यवसायाच्या कचेऱ्या यांनीं वेढलें गेलें आहे. खाडीचें पाणी येथून फार दूर नाहीं. अर्थात् समुद्रसपाटीपासून येथील उंची नाममात्रच म्हणावयाची. अशा या भागांतील कुटुंबांतून प्रतिवर्षीं वैशाख-ज्येष्ठांत आणि पुन्हा आश्विन-कार्तिकांत कोणी ना कोणी हिमालयाकडे निघतें. वडील मंडळींच्या मनांत केदार-बदरीचें दर्शन असतें, तरुणांच्या मनांत हिमशिखरें असतात. आणि दोहोंची सोय एकदमच व्हावी म्हणून वाटाड्या, स्वयंपाकी व सामान वाहणारीं खेचरें यांसह निघणाऱ्या एखाद्या पदयात्रेंत नांव नोंदविण्याची रीत आतां चांगलीच रूढ झाली आहे. ही रीत सोयीची आहे यांत शंका नाहीं. परंतु या प्रवासांत एक गोष्ट अशी आहे कीं, ती घरून निघण्यापूर्वींच समजून घेतली नाहीं तर देवदर्शनाचें पुण्य आणि पर्वतदर्शनाचा आनंद या दोहोंसहि मुकावें लागतें. प्रसंगीं प्राणासहि मुकावें लागतें. ती गोष्ट म्हणजे उंचावरची विरळ हवा.

जुन्या काळच्या यात्रेकरूस या हवेचा त्रास मुळींच होत नसे असें नाहीं. पण तो पुष्कळ कमी होत असावा, आणि त्याचें कारण उघड आहे. तो हृषीकेशाहून पायीं निघे. दिवसाकाठीं चार-पांच कोस चालावें, चट्टीवर उतरावें, डाळ-भात शिजवून खावा व पहांटे पुन्हा वाटेस लागावें, असा त्याचा क्रम असे. केदारनाथाच्या पायथ्याशीं पोंचावयास त्याला कित्येक दिवस लागत आणि तेवढ्या अवधींत त्याचें शरीर हळूहळू उंचीला सरावे. अशा यात्रेकरूंच्या सोयीसाठीं अहिल्याबाई होळकरांनीं अठराव्या शतकांत केदारनाथ व बदरीनाथ येथें धर्मशाळा बांधविल्या. साताऱ्यास १८८५ सालीं जन्मलेले काका कालेलकर हे १९१२ सालीं अनंतबुवा मर्ढेकर व स्वामी आनंद यांच्यासह याच पर्वतांत पायीं हिंडले आणि पुढें त्या प्रवासाचें वर्णन त्यांनीं गुजराती भाषेंत लिहिलें. त्या काळच्या वाटेवर संकटें काय थोडीं होतीं? पटकी होती, दरडी होत्या. रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबळ्यानें तर आठ वर्षें यात्रामार्गावर दहशत बसविली होती. त्यास जिम कॉर्बेट यांनीं १९२६ सालच्या मे महिन्यांत मारलें. परंतु चालीचा संथपणा हा एक मोठा संरक्षक त्या यात्रेकरूबरोबर नकळत चालत असे.

आज तो संरक्षक मागें राहिला आहे. १९६२ च्या युद्धानंतर सीमाभागांत मोटारीचे रस्ते झपाट्यानें झाले. मुंबईहून सकाळीं विमानानें निघालेला मनुष्य दुपारीं डेहराडूनला असतो, दुसऱ्या दिवशीं गुप्तकाशीस असतो, आणि तेथून पुढें हेलिकॉप्टरनें गेला तर कांहीं मिनिटांत ३,५८३ मीटर उंचीवरील केदारनाथाच्या अंगणांत उतरतो. पायीं जाणाराचीहि स्थिति फारशी निराळी नाहीं. गौरीकुंडाची उंची सुमारें २,००० मीटर. २०१३ सालच्या जून महिन्यांतील महापुरांत रामबाड्याची जुनी वाट वाहून गेल्यावर जी नवी वाट झाली ती सुमारें १६ किलोमीटरांची आहे. ती एका दिवसांत चढणें म्हणजे एका दिवसांत सोळाशें मीटर वर जाणें होय. महाराष्ट्राचें सर्वोच्च शिखर कळसूबाई हें समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर आहे, एवढें सांगितलें म्हणजे या चढाची कल्पना यावी.

आतां ही हवा विरळ होते म्हणजे काय होतें, तें पाहूं. हवेला वजन आहे. समुद्रकांठीं आपल्या डोक्यावर संपूर्ण वातावरणाचा थर असतो व त्याच्या भारानें खालची हवा दाबली जाऊन दाट होते. जसजसें वर जावें तसतसा डोक्यावरचा थर कमी होतो, दाब घटतो आणि हवा पातळ होते. तिच्यांतील प्राणवायूचें प्रमाण बदलत नाहीं. तें महाप्यास शेंकडा एकवीसच्या आसपास, आणि केदारनाथासहि तितकेंच. परंतु एका श्वासांत जी हवा छातींत येते तीच मुळीं कमी भरते. साडेतीन हजार मीटरांवर हवेचा दाब समुद्रकांठच्या दाबाच्या सुमारें दोन-तृतीयांश असतो. म्हणजे घरीं तीन श्वासांत जितका प्राणवायु मिळतो, तितक्यासाठीं तेथें साडेचार श्वास लागतात.

याचा प्रत्यय चुलीवरहि येतो. समुद्रकांठीं पाणी १०० अंशांवर उकळतें, तर तुंगनाथाच्या उंचीवर तें सुमारें ८८ अंशांवरच उकळूं लागतें. पातेल्यांत पाणी खळखळा उकळत असतें, वाफ निघत असते, तरी डाळ शिजत नाहीं आणि भाताचे दाणे कणीदार राहतात. स्वयंपाकी आळशी असतो असें नाहीं. उकळतें पाणीच पुरेसें तापलेलें नसतें. म्हणूनच पदयात्रेच्या सामानांत दाबाचें शिजवणपात्र, म्हणजे आपला घरचा कुकर, अवश्य असतो.

मनुष्याच्या देहांत या विरळ हवेशीं जुळवून घेण्याची व्यवस्था आहे. मात्र तिला वेळ हवा असतो. प्रथम श्वास जलद होतो, हृदय अधिक वेगानें चालतें, लघवीचें प्रमाण वाढतें. पुढें कित्येक दिवसांनीं रक्तांतील तांबड्या पेशी वाढूं लागतात. ही जुळणी पुरी होण्यापूर्वींच मनुष्य वर चढत राहिला तर त्याचें डोकें दुखूं लागतें, मळमळतें, अन्नावरची वासना जाते, गळून गेल्यासारखें वाटतें, झोंप येत नाहीं. साधारणतः अडीच हजार मीटरांच्या वर हीं लक्षणें दिसूं लागतात. येथेंच थांबलें तर बहुधा एक-दोन दिवसांत तीं ओसरतात. पण तीं लपवून पुढें चढत राहिलें तर दोन भयंकर अवस्थांपैकीं एखादी ओढवूं शकते. एकींत मेंदूस सूज येते. मनुष्य असंबद्ध बोलूं लागतो, सरळ रेषेंत चालतां चालतां झोंक जातो. दुसरींत फुफ्फुसांत पाणी साठतें. बसल्या जागींहि धाप लागते, खोकला सुटतो, ओठ निळसर होतात. या दोहोंवर खरा उपाय एकच, आणि तो म्हणजे विलंब न लावतां खालीं उतरणें. प्राणवायु व औषधें मिळालीं तर घ्यावींच. पण त्यांच्या भरंवशावर वर राहूं नये.

येथें पुष्कळांची एक समजूत दूर करणें जरूर आहे. ‘आम्ही दर रविवारीं गड चढतों, आम्हांस काय होणार?’ असें तरुण मंडळी म्हणतात. सह्याद्रींतील सरावानें पाय, गुडघे व छाती बळकट होतात हें खरें. परंतु विरळ हवेचा आजार पायांचें बळ विचारीत नाहीं. १९६२ च्या युद्धाच्या सुमारास भारतीय सैनिकांस सपाटीवरून उंच हिमालयांत त्वरेनें पोंचवावें लागलें. अशा आजारी पडलेल्या १,९२५ सैनिकांचा अभ्यास डॉ. इंदर सिंग व त्यांचे सहकारी यांनीं १९६९ सालीं प्रसिद्ध केला. तो या विषयांत आजहि महत्त्वाचा मानला जातो. हे सैनिक कसलेले जवान होते, दुबळे नव्हते. उलट, सशक्त तरुणास अधिक धोका संभवतो, कारण तो भराभर चढतो आणि डोकें दुखतें असें सांगण्यास लाजतो.

भाविकाचा धोका निराळ्या प्रकारचा आहे. तो संकल्प करून निघालेला असतो. उपास करतो, थंड पाण्यानें स्नान करतो, पाणी कमी पितो, आणि ‘दर्शन घेतल्याशिवाय परतणें नाहीं’ असें मनाशीं बांधून असतो. नेपाळांत ४,३०० मीटरांहून उंचीवर गोसाईंकुंड नांवाचें पवित्र सरोवर आहे. श्रावणी पौर्णिमेस तेथें मोठी यात्रा भरते आणि लोक एक-दोन दिवसांत वर चढतात. तेथील यात्रेकरूंची वैद्यकीय पाहणी २००० सालीं प्रसिद्ध झाली, तींत सुमारें दोन-तृतीयांश लोकांस उंचीचा त्रास झालेला आढळला. आपल्याकडे २०२२ सालीं चारधाम यात्रेच्या पहिल्या महिन्याभरांतच शंभराच्या आसपास यात्रेकरू दगावले. त्यांतील बहुतेकांच्या मृत्यूचें कारण हृदयविकार व तत्सम आजार हें होतें. श्रद्धा हें मोठें बळ आहे, पण तें हवेचा दाब वाढवूं शकत नाहीं.

मग समुद्रकांठच्या माणसानें जावें तरी कसें? याचें चांगलें उदाहरण म्हणजे देवरियाताल, चोपता व तुंगनाथ यांची पदयात्रा. सृष्टिसौंदर्य व तीर्थ यांचा संगम असलेल्या वाटा हिमालयांत अनेक आहेत. पण नवख्यास इतकी अनुकूल वाट क्वचितच सांपडेल. अलकनंदा व मंदाकिनी यांच्या संगमावरील रुद्रप्रयागाहून वर गेलें म्हणजे ऊखीमठ लागतें. हिवाळ्यांत केदारनाथाचें मंदिर बंद झालें कीं त्याची उत्सवमूर्ति येथील ओंकारेश्वराच्या मंदिरांत आणतात. येथील उंची सुमारें १,३०० मीटर. दुसरा मुक्काम सारी या गांवीं, सुमारें २,००० मीटरांवर. तेथून चढून गेल्यावर २,४३८ मीटरांवर देवरियाताल हें सरोवर आहे. यक्षानें युधिष्ठिरास प्रश्न विचारले ते याच कांठीं, अशी तेथील लोकांची समजूत आहे. निरभ्र सकाळीं ७,१३८ मीटर उंचीचा चौखंबा त्या पाण्यांत उलटा उभा राहिलेला दिसतो, तेव्हां बोलकीं माणसेंहि गप्प होतात. पुढें बांज व बुरांस यांच्या अरण्यांतून चोपत्यास यावें. वसंतांत बुरांसाचीं तांबडीं फुलें सारी वाट उजळून टाकतात.

चोपता सुमारें २,७०० मीटरांवर आहे. तेथून साडेतीन-चार किलोमीटरांच्या फरसबंद वाटेनें तुंगनाथास जातां येतें. पंचकेदारांपैकीं हें सर्वांत उंच स्थान, ३,६८० मीटर. पांडवांस चुकवूं पाहणाऱ्या शंकरानें वृषभाचें रूप घेतलें, त्याच्या पाठीचा उंचवटा केदारास व बाहू तुंगनाथास प्रकट झाले, अशी कथा आहे. पूजेचा मान मक्कू गांवच्या मैठाणी ब्राह्मणांकडे आहे आणि हिवाळ्यांत देवाचा निवासहि त्याच गांवीं असतो. मंदिराच्या वर चंद्रशिला हें सुमारें ४,००० मीटरांचें शिखर. तेथून नंदादेवी, त्रिशूल, चौखंबा व केदारशिखर अशी हिमाची रांग एका नजरेंत येते.

या वाटेचा खरा गुण तिच्या मुक्कामांच्या क्रमांत आहे. रोजची निजण्याची जागा थोडथोडीच उंचावते. आणि सर्वांत उंच ठिकाणीं मनुष्य दिवसा जातो, दर्शन घेतो व निजावयास पुन्हा चोपत्यास उतरतो. उंच चढावें आणि खालीं निजावें, हें गिर्यारोहकांचें सूत्र येथें आपोआप पाळलें जातें. तीन हजार मीटरांच्या वर निजावयाचें असेल तर रोज पांचशें मीटरांहून अधिक चढूं नये आणि दर तीन-चार दिवसांनीं एक दिवस विसावा घ्यावा, असा वैद्यांचा दंडक आहे. केदारनाथास जाणारानें निदान गौरीकुंडाच्या आसपास एक रात्र काढावी आणि जमल्यास चढ दोन दिवसांत विभागावा, तो याच कारणानें.

वाटाड्याचें कामहि या दृष्टीनें पाहिलें पाहिजे. वाट दाखविणें हा त्याच्या कामाचा लहान भाग आहे. तुंगनाथाची फरसबंद वाट तर कोणासहि सांपडेल. तो पुढें राहून मुद्दाम मंद चालतो, ‘धीरे धीरे’ म्हणत उतावळ्यांस मागें ठेवतो, मागें पडलेल्याजवळ एक मनुष्य ठेवतो, जेवतांना कोणाचें ताट तसेंच राहिलें हें पाहतो आणि सकाळीं प्रत्येकास झोंप लागली कीं नाहीं तें विचारतो. पदयात्रेंत नांव नोंदवितांना भोजनांत कोणते पदार्थ आहेत हें विचारण्यापूर्वीं, विसाव्याचा दिवस आहे कीं नाहीं, कोणी आजारी पडल्यास त्याच्याबरोबर खालीं कोण जाईल, आणि परतण्याचा निर्णय कोणाचा, हे तीन प्रश्न विचारावे. जेथें यांचीं उत्तरें नीट मिळत नाहींत तेथें पैसे भरूं नयेत.

घरची तयारीहि करण्याजोगी आहे. दोन-तीन महिने आधींपासून रोज चालावें, जिने चढावे, सुटीच्या दिवशीं पाठीवर ओझें घेऊन टेकडी चढावी. हृदयविकार, दमा, रक्तक्षय अथवा रक्तदाब असणारानें वैद्यास विचारल्यावांचून निघूं नये. विरळ हवेस सरावण्यास साह्य करणारी गोळी मिळते, तीहि वैद्याच्या सल्ल्यानेंच घ्यावी. वर गेल्यावर तहानेची वाट न पाहतां पाणी प्यावें. मद्य व झोंपेचीं औषधें वर्ज्य करावीं. घामानें भिजलेला सुती सदरा लवकर वाळत नाहीं व अंग गारठवितो, म्हणून लोकरीचे कपडे बरोबर असावे.

आणि शेवटीं मनाची तयारी. घरांतील वडील माणूस अर्ध्या वाटेवर ‘डोकें फार दुखतें’ असें म्हणालें, तर बरोबरच्यांनीं ‘आतां थोडेंच राहिलें’ असें म्हणूं नये. तेथून परतणें हा संकल्पाचा भंग नव्हे. हिवाळ्याचें बर्फ पडूं लागलें म्हणजे केदार ऊखीमठास उतरतो आणि तुंगनाथ मक्कू गांवीं येतो. जेथें देवच ऋतूचा मान राखून खालीं येतो, तेथें भक्तानें आपल्या शरीराचा मान राखून खालीं येण्यांत उणेपणा कसला? शिखर पुढल्या वर्षींहि तेथेंच असतें. घरून निघालेलीं सर्व माणसें सुखरूप घरीं परत येणें, हाच या यात्रेचा पहिला प्रसाद होय.