स्पेसबारपासून सावधान!

रोबो बघायला म्हणून मी मुंबईतल्या या शाळकरी टीमच्या गॅरेजमध्ये गेले आणि अडकले एका प्लायवूडच्या फळीपाशी. 'फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन'मध्ये रोबो मैदानात, ड्रायव्हर पारदर्शक भिंतीआड. हातात काय, तर लॅपटॉप नि जॉयस्टिक. गंमत म्हणजे मॅचबाहेर, सराव करताना स्पेसबार दाबला गेला की इमर्जन्सी स्टॉप! रोबो जागीच ठप्प. गेल्या वर्षी यांचं नेमकं तेच झालं, कोपर लागून. म्हणून यंदा की-बोर्डवर अ‍ॅक्रिलिकचं झाकण, यूएसबीच्या वायरी टायने आवळलेल्या, फळी सरकू नये म्हणून खाली वेल्क्रो. बटणं व्हिडिओ गेमच्या मशीनची, न बघता बोटांना सापडणारी. मस्तच! मी हात पुढे केला.

"ताई, नको हं," ड्रायव्हर म्हणाली. कोपर तिचंच होतं.