बाबांची हेराल्ड, आईची पुनव

नवरात्र बसलं की आमच्या कोरगावच्या घरात आईचं एकच पालुपद सुरू व्हायचं. "पुनवेक ह्याच गाडयेन वचूया गो." पुनव म्हणजे कोजागिरीची, पेडण्याच्या श्री भगवती मंदिरातली. गोव्यात आणि बांदा-सावंतवाडीकडे ती ठाऊक नाही असा माणूस विरळा. आणि 'ही गाडी' म्हणजे बाबांची स्टँडर्ड हेराल्ड. बाबा गेल्यापासून ती मांगराच्या आडोशाला ताडपत्रीखाली बारा वर्षं उभी होती. आई चौऱ्याऐंशी वर्षांची. तिचं मागणं पुढच्या वर्षावर किती वेळा ढकलायचं? शेवटी एके दिवशी मी ताडपत्री ओढून काढली.

आता तुम्ही म्हणाल, बाईमाणसानं कुठे या तेलकट भानगडीत पडायचं! पण लहानपणी बाबांना पाना नि पक्कड हातात देणारी मीच होते. भावांना क्रिकेट होतं, मला हेराल्ड होती.

रेसच्या गाडीची थोरली बहीण

ट्रायम्फ हेराल्ड ही मूळची इंग्रजी गाडी. १९५९ साली ती इंग्लंडात आली. तिचा आराखडा जियोव्हानी मिकेलोत्ती या इटालियन माणसाचा. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर्सने १९६१ पासून ती भारतात 'स्टँडर्ड हेराल्ड' या नावानं बनवली. पुढे चार दारांची हेराल्ड आली, ती फक्त भारतातच झाली. आमची त्यातलीच, १९७० सालची. बाबांनी ती १९७४ मध्ये दुसऱ्या हातची घेतली.

गंमत अशी की हेराल्डचीच चासी आखूड करून ट्रायम्फने १९६२ साली स्पिटफायर ही दोन माणसांची उघडी स्पोर्ट्स कार काढली. आराखडा पुन्हा मिकेलोत्तींचाच, इंजिनही त्याच घराण्यातलं. म्हणजे आमची हेराल्ड त्या नखरेल गाडीची संसारी थोरली बहीण! याचा एक फायदा आजही होतो. मद्रासचा कारखाना कधीच बंद पडला. पण जगभरच्या हौशी लोकांसाठी स्पिटफायरचे सुटे भाग अजून तयार होतात, आणि त्यातले बरेच हेराल्डला चालतात.

दुसरा फायदा बॉनेटचा. नुसतं झाकण उघडत नाही, तर मडगार्डांसकट गाडीचं सगळं तोंडच पुढच्या बाजूला आडवं होतं. पुढच्या चाकावर बैठक मारून काम करता येतं. पन्नाशी उलटलेल्या कंबरेला याहून मोठी सोय कोणती?

माल्प्याचा चढ आणि बाबांचा डाग

बॅटरी, ब्रेक, टायर ही कामं स्थानिक मेकॅनिकच्या मदतीनं उरकली. इंजिन चालू झालं तेव्हा आईनं हळद-कुंकू लावून नारळ फोडला. दोन दिवसांनी मी मोठ्या उत्साहानं गाडी बांद्याच्या दिशेनं काढली. माल्प्याच्या चढावर बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. गाडी बाजूला घेतली. रस्त्यावरचा एक मुलगा मदतीला धावला आणि थेट रेडिएटरच्या टोपीला हात घालू लागला. मी त्याचा हात धरून मागे ओढला.

माझ्या बाबांच्या उजव्या मनगटावर तळहाताएवढा भाजल्याचा डाग होता. आंबोली घाटात तापलेल्या रेडिएटरची टोपी त्यांनी घाईनं उघडली होती, त्याची ती खूण. तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि मागच्या सीटवर रडत होते.

ही टोपी म्हणजे घरातल्या प्रेशर कुकरची शिटीच. टोपीतली स्प्रिंग पाण्यावर दाब ठेवते. साधं पाणी १०० अंशांना उकळतं. सात पौंडांची टोपी असेल तर साधारण १११ अंशांपर्यंत उकळत नाही. टोपी उघडली की दाब एकदम जातो आणि त्या क्षणी सगळं पाणी उकळून अंगावर येतं. कुकरची वाफ न जिरवता झाकण काढायला कोणती गृहिणी धजेल? मग गाडीच्या बाबतीतच आपण एवढे शूर कसे होतो?

तर इंजिन बंद करून मी पाऊण तास थांबले. मग जाड फडकं धरून टोपी पहिल्या खाचेपर्यंत फिरवली, उरलेली वाफ जाऊ दिली. तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतलं तर लोखंडाला तडा जाऊ शकतो. म्हणून इंजिन निवल्यावर ते चालू ठेवून, हळूहळू, धार बारीक ठेवून पाणी घातलं. परत येताना गाडी गोगलगायीच्या गतीनं आणली.

डिचोलीचे काका

कोणी तरी डिचोलीच्या रेडिएटरवाल्या काकांचं नाव सुचवलं. धारगळ, कोलवाळ, अस्नोडा करत रेडिएटर दुसऱ्या गाडीत घालून मी त्यांच्याकडे गेले. सत्तरीचे गृहस्थ. सारी हयात त्यांनी खनिजाच्या ट्रकांचे रेडिएटर दुरुस्त केले. तांबडी धूळ जाळीत बसून गच्च व्हायची, ट्रक तापायचे आणि काकांच्या दारात रांग लागायची. २०१२ साली खाणी बंद झाल्या, मध्ये काही काळ चालल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. तेव्हा ती रांग सरली. हातात कला आणि समोर काम नाही, असे दिवस त्यांनी पाहिले. नव्या गाड्यांचे रेडिएटर तर ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिकचे. बिघडले की फेकायचे, नवे बसवायचे.

आमचा पितळ-तांब्याचा रेडिएटर पाहून काकांचा चेहरा खुलला. आत बोट घालून त्यांनी तपकिरी गाळ काढला आणि विचारलं, "बाय, हातूंत उदक खंयचें घालता तूं?"

"विहिरीचं. बाबाही तेच घालायचे."

काकांनी मान हलवली. आपल्या जांभ्याच्या विहिरींचं पाणी प्यायला गोड. पण त्यातले क्षार तापलेल्या नळ्यांत थर धरतात, चहाच्या भांड्याला धरतो तसा. मध्येच हसून म्हणाले, हे काम म्हणजे कल्हईवाल्याचंच. वरची टाकी तापवून त्यांनी टाके सोडवले, प्रत्येक नळीतून पातळ सळई फिरवून खरवड काढली, पुन्हा झाळ दिली. मग रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवून आत हवा भरली आणि सायकलच्या पंक्चरसारखे बुडबुडे येतात का ते पाहिलं.

आणखी एक गोष्ट उघड झाली. इंजिनातला थर्मोस्टॅट बाबांनी केव्हाच काढून टाकला होता. त्या काळी सगळेच काढायचे. "हाच पाणी अडवतो, म्हणून गाडी तापते," हा समज. वास्तविक थर्मोस्टॅट इंजिन लवकर गरम होऊ देतो आणि साधारण ८२ अंशांना उघडून पाणी रेडिएटरकडे सोडतो. तो नसला की इंजिन बराच वेळ थंड राहतं, पेट्रोल जास्त पितं आणि झिजतं. आमची गाडी तापत होती ती तुंबलेल्या नळ्यांनी आणि टोपीच्या विरलेल्या वॉशरनं. नवा थर्मोस्टॅट आणून आधी घरी तपासला. पातेल्यात पाणी तापत ठेवलं, थर्मोस्टॅट दोऱ्यानं टांगला आणि शेजारी थर्मामीटर. झडप उघडताना पाहायला आईसुद्धा खुर्ची ओढून बसली होती.

आता विहिरीचं पाणी बंद. निम्मं डिस्टिल्ड वॉटर, निम्मं कूलंट. कूलंट घेताना तांबं, पितळ आणि झाळीला चालणारं आहे ना, हे विचारून घ्यावं.

पेट्रोलचा वास

पाण्याचा प्रश्न मिटला आणि पेट्रोलचा उभा राहिला. हा जास्त गंभीर.

भारतात इथेनॉल मिसळलेलं ई-२० पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून विक्रीला आलं आणि २०२५ पर्यंत वीस टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट गाठलं गेलं. नव्या गाड्या त्या हिशेबानं बनतात. आमची हेराल्ड १९७०ची. तिच्या रबरी नळ्या, पंपातला पडदा, बुचाचे गॅस्केट यांनी इथेनॉल स्वप्नातही पाहिलं नव्हतं. जुन्या प्रकारचं रबर इथेनॉलनं फुगतं, मऊ पडतं, मग भेगाळतं. शिवाय इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि कोकणातल्या पावसाळ्याची ओल तुम्हाला मी काय सांगावी! टाकीतला जुना चिकट थर आणि गंजही ते सोडवतं. ती सगळी घाण फिल्टर आणि कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसते.

मी नळ्या बदलल्या होत्या. बाजारात मिळालेली चकचकीत काळी नळी, दुकानदार म्हणाला चालेल. तीन महिन्यांनी, दसऱ्याच्या आधी, आईला घेऊन गावातच एक फेरी मारली. घरी आल्यावर आई म्हणाली, "गो, रॉकेलासारखो वास येता." आधी मी लक्ष दिलं नाही. मग बॉनेट उघडलं. कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी घामेजली होती आणि तिच्या टोकाला एक थेंब लोंबत होता. त्याच्या बरोबर खाली तापलेला एक्झॉस्ट. या इंजिनात कार्ब्युरेटर एक्झॉस्टच्या डोक्यावरच बसतो. तो थेंब पडला असता तर काय झालं असतं, या विचारानं माझे हातपाय गार पडले. आई अजून मागच्या सीटवर पदर सावरत बसली होती.

तिला आधी उतरवून घरात नेलं. त्या रात्री जेवण गेलं नाही. गाडी विकून टाकावी असंही मनात आलं. सकाळी आईनंच विचारलं, "नळी बदलपाक कितलो वेळ लागता?"

इथेनॉलला टिकणारी, इंधनासाठीच बनवलेली नळी मागवली, क्लिपा नव्या घेतल्या, पंपाचा पडदा बदलला. टाकी उतरवली, आत मूठभर नट घालून खुळखुळवली, धुतली, उन्हात पूर्ण वाळवली. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा जास्त धोकादायक. आतल्या वाफेचा भडका उडतो, म्हणून तिच्याजवळ वेल्डिंग नाही की काडी नाही. टाकीच्या पुढे फिल्टर बसवला. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ताकद कमी, सुमारे दोन तृतीयांश. त्यामुळे त्याच जेटमधून मिश्रण पातळ पडतं आणि इंजिन आणखी तापतं. मेकॅनिकनं जेट एक नंबर मोठा केला. तेव्हा कळलं की पाणी आणि पेट्रोल ही दुखणी वेगळी नाहीत. एक बिघडलं की दुसऱ्यावर ताण येतोच.

घरची दिनदर्शिका

जुनी गाडी सांभाळणाऱ्या वाचकांसाठी माझा शिरस्ता सांगते. दर रविवारी, इंजिन थंड असताना, रेडिएटरची पातळी आणि फॅनबेल्टचा ताण पाहायचा. तेलाची कांडी काढून नुसती पुसायची नाही, हुंगायची. तेलाला पेट्रोलचा वास आला तर पंपाचा पडदा फाटलाय असं समजावं. महिन्यातून एकदा प्रत्येक नळी बोटांनी दाबून पाहायची. मऊ, चिकट किंवा भेगाळलेली असेल तर त्याच दिवशी बदलायची. पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवायची, म्हणजे ओल धरायला आत हवाच उरत नाही. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर मात्र पेट्रोल काढून टाकलेलं बरं. ड्रायव्हरच्या सीटखाली पावडरचा अग्निशामक हवाच. आणि वास आला की 'बघू उद्या' म्हणायचं नाही.

पुनवेची रात्र

२०२५च्या कोजागिरीला संध्याकाळी लवकरच निघालो, गर्दी व्हायच्या आत. आईनं बाबांच्या काळातला पाण्याचा डबा मुद्दाम भरून पायाशी ठेवला होता. "घाटांत लागतलें," म्हणाली. घाट कुठला, आपण पेडण्याला तर चाललो! पण मी काही बोलले नाही.

चढावर माझी नजर डॅशबोर्डखाली बसवलेल्या तापमानाच्या मीटरवर. काटा ८५ला पोचला आणि तिथेच राहिला. मंदिराच्या दारातल्या दगडी हत्तींजवळ आईला हात धरून उतरवलं. चार जुनी ओळखीची माणसं गाडी पाहून जवळ आली. कोणी बाबांचं नाव घेतलं. आईनं भगवतीसमोर हात जोडले. बराच वेळ जोडून होती.

परतताना ती गप्पच होती. घरी पोचल्यावर मी बॉनेट उघडलं, नळ्यांवरून बॅटरी फिरवली, वास घेतला. सगळं कोरडं. आईनं तो भरलेला डबा उचलून अंगणातल्या तुळशीला रिता केला आणि म्हणाली, "फुडल्या वर्सा आंबोलीक वचूया."

आता आंबोलीची तयारी करते आहे. रेडिएटर एकदा काकांना दाखवून आणायला हवा.