पिवळा दिवा काय सांगतो ?

गेल्या चातुर्मासांत आमच्या घरच्या मोटारींत इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला व तो कांहीं केल्या विझेना. गाडी चालत होती. चौकांत उभी असतां मात्र इंजिन किंचित् थरथरे. मीं ती एका गॅरेजांत नेली. तेथील मिस्त्रीनें स्कॅनर जोडून ‘पी ०१७१’ हा संकेतांक वाचला आणि “ऑक्सिजन सेन्सर गेला” असा निकाल देऊन सेन्सर बदलला. कित्येक हजार रुपये खर्च झाले. आणि आठव्या दिवशीं दिवा पुन्हां लागला! तेव्हां वहिनी म्हणाल्या, “भावोजी, दूध करपतें आहे असें ज्यानें ओरडून सांगितलें त्यालाच तुम्हीं घराबाहेर काढलेंत, चुलीकडे कोणी पाहिलेंच नाहीं!”

या विषयाचें सारें मर्म वहिनींच्या या बोलण्यांत आलें आहे. संकेतांक तक्रार सांगतो. अपराधी दाखवीत नाहीं.

एक भाग पेट्रोल पूर्णपणें जळावयास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. धुराच्या मार्गांत बसविलेला ऑक्सिजन सेन्सर जळून आलेल्या वायूंत प्राणवायु किती उरला तें पाहतो व इंजिनाच्या संगणकास कळवितो. प्राणवायु अधिक उरला तर संगणक पेट्रोल वाढवितो, कमी उरला तर घटवितो. ही दुरुस्ती टक्क्यांत मोजली जाते. ती ठराविक मर्यादेबाहेर गेली, म्हणजे पेट्रोल कमी पडल्याचा ‘पी ०१७१’ किंवा जास्त झाल्याचा ‘पी ०१७२’ हा अंक नोंदला जातो. अशा वेळीं सेन्सर बहुधा आपलें काम चोख करीत असतो.

इतकी जागरूकता कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहरांत सांपडतें. तेथें लोकांचे डोळे चुरचुरविणारें धुकें मोटारींच्या व कारखान्यांच्या धुरावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन बनतें, हें हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञानें १९५० नंतरच्या कांहीं वर्षांत दाखवून दिलें. पुढें धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला, आणि मिश्रण अचूक असेल तरच तो नीट चालतो म्हणून त्याच्या जोडीस ऑक्सिजन सेन्सर आला. १९९६ पासून अमेरिकेंतील सर्व नव्या मोटारींत एकाच पद्धतीचे संकेतांक सक्तीचे झाले. आपल्याकडे ही व्यवस्था भारत स्टेज चारच्या नियमांबरोबर २०१० नंतर आली.

आतां निदानाची रीत पाहूं. ‘पी ०१७१’ आल्यास स्कॅनरवर दुरुस्तीचे टक्के पाहावे. इंजिन संथ फिरत असतां ते फार वाढलेले असून वेग वाढवितांच खालीं येत असतील, तर न मोजलेली हवा कोठून तरी आंत शिरत आहे असें समजावें. उलट, चढावर अगर भरधाव वेगांत ते वाढत असतील, तर पेट्रोलचा पंप किंवा फिल्टर तपासावा. ‘पी ०१७२’ आल्यास गळणारा इंजेक्टर, पेट्रोलचा वाजवीहून अधिक दाब, अगर मळलेला हवामापक सेन्सर यांकडे पाहावें.

‘पी ०४२०’ हा अंक कन्व्हर्टर दुबळा झाल्याचें सुचवितो. त्यांत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे मौल्यवान् धातु असतात. म्हणून तो बदलण्याची घाई करूं नये. धुराची नळी आधींच फुटली आहे काय, मिश्रण बिघडलेलें आहे काय, हें प्रथम पाहावें. निरोगी कन्व्हर्टरच्या मागील सेन्सरचें माप स्थिर असतें. तें पुढील सेन्सरप्रमाणें हेलकावे खाऊं लागलें तरच संशय बळावतो. परदेशीं असलेल्या आपल्या मुलांबाळांच्या गाडींत ‘पी ०४५५’ आल्यास, पेट्रोलच्या टाकीचें झांकण सैल राहिलें नाहीं ना, एवढें आधीं पाहण्यास त्यांना अवश्य कळवावें.

एक गोष्ट मात्र सर्वांनीं ध्यानांत धरावी. दिवा स्थिर असेल तर गाडी जपून घरीं आणतां येते. परंतु तो लुकलुकत असेल तर इंजिनांत पेट्रोल न जळतां बाहेर पडत असतें व त्यानें कन्व्हर्टर तापून नष्ट होतो. अशा वेळीं गाडी बाजूस घेऊन थांबवावी. तसेंच, नुसता अंक पुसून दिवा घालविणें हें ज्वरमापक फोडून ताप गेला असें मानण्यासारखें आहे. कारण अंकाबरोबर बिघाडाच्या क्षणींचा वेग, उष्णता वगैरे नोंदही पुसली जाते.

आमच्या गाडीचें म्हणाल, तर दुसऱ्या एका वृद्ध मिस्त्रीनें प्रथम टक्के पाहिले, मग इंजिनाजवळ कान नेला. हवामापकाच्या पलीकडील एका रबरी नळीस बारीक चीर पडली होती व तींतून हवा शीळ घालीत आंत जात होती. नळी बदलली, दिवा विझला. खर्च इतका थोडा आला कीं, तो वहिनींना सांगावयास मला धीर होईना ! मिस्त्रीस “कोणता भाग बदलूं या ?” असें न विचारतां “कशावरून ?” असें विचारावें, हा धडा मात्र मीं कायमचा गांठीस बांधला.