करारबद्ध स्थलांतर : बाजारपेठ आणि राज्यसंस्था

मॉरिशसमध्ये १८३५ साली गुलामगिरी संपुष्टात आली. तत्पूर्वीच, १८३४ पासून, तेथील उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्यास प्रारंभ झाला होता. पुढे कोकणातील मराठी भाषकही त्यांत सामील झाले. या व्यवहारास ‘मुक्त श्रम’ असे म्हटले जाई. वस्तुतः ही बाजारपेठ शासनानेच घडविली. हिंदुस्थान सरकारने १८३९ साली मजुरांच्या परदेशगमनास बंदी केली, १८४२ साली मॉरिशसपुरती ती उठविली व देखरेखीसाठी संरक्षक अधिकारी नेमले. मॉरिशसमध्ये मात्र मजुराकडून झालेला करारभंग कारावासास पात्र गुन्हा ठरे. अभिमन्यु अनत यांच्या ‘लाल पसीना’ (१९७७) ह्या हिंदी कादंबरीसारख्या कृतींच्या अभ्यासकाने म्हणूनच एक प्रश्न प्रथम विचारावयास हवा : शासन होतेच; ते कोणाच्या बाजूने उभे होते?