नळ आला, पाणी कुठं अडलं?



गेल्या उन्हाळ्यात एका गावात ग्रामसंघाच्या बैठकीला गेले होते. हजेरी झाली, बचत झाली आणि एक आजी म्हणाल्या, "पोरी, सरकारनं दारात नळ दिला, मग पाणी का देत नाही?" मी विचारलं, "आजी, कोणतं सरकार?" सगळ्या हसल्या. "सरकार म्हणजे सरकार! त्यात कोणतं असतंय व्हय?"

असतं, तायांनो. ते माहीत नसलं की आपला अर्ज चुकीच्या दारात पडून राहतो. म्हणून आज नळाचंच उदाहरण घेऊ.

कामं कशी वाटली आहेत?

घर एकच असतं, पण दळण कुणी आणतं, पाणी कुणी भरतं, भाकरी कुणी थापतं. देशाचंही तसंच आहे. संरक्षण, रेल्वे, चलन ही कामं केंद्र सरकारची. पोलीस, शेती, पाणी ही राज्य सरकारची. शिक्षण, वीज, जंगल यात दोघांचाही अधिकार आहे. १९९३ साली ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि पंचायतींनाही राज्यघटनेत जागा मिळाली. पंचायतींकडे देता येतील अशा २९ विषयांची यादी घटनेत आहे. पिण्याचं पाणी त्यात आहे.

आता नळाचा प्रवास बघा

२०१९ साली केंद्रानं जल जीवन मिशन जाहीर केलं. घरोघरी नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी, हे उद्दिष्ट केंद्रानं ठरवलं. पण पाणी हा राज्याचा विषय, म्हणून योजना राबवायची राज्यानं. आपल्या महाराष्ट्रात पैशाची वाटणी केंद्र निम्मं, राज्य निम्मं अशी ठरली. गावातली टाकी, पाइपलाइन, ठेकेदाराचं काम साधारणपणे जिल्हा परिषदेचा ग्रामीण पाणीपुरवठा विभाग बघतो. मोठ्या योजना महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे असतात. गावची योजना पूर्ण झाली की ती ग्रामपंचायतीच्या ताब्यात येते. तिथून पुढं मोटार, वीजबिल, दुरुस्ती, पाणी सोडणारा माणूस आणि पाणीपट्टी हे सगळं ग्रामपंचायतीचं.

म्हणजे एका नळामागं चार ठिकाणचे हात आहेत. पाणी थांबलं तर कोणत्या हाताशी थांबलं, हे आधी शोधायचं.

माझी चूक सांगते

त्या दिवशी मी हे शोधलं नाही. बायकांचा अर्ज लिहिला आणि तहसील कार्यालयात दिला. अडीच महिने वाट बघितली. मग जिल्हा परिषदेत गेलो, तर कळलं की योजना कधीच ग्रामपंचायतीकडे दिलेली आहे. ग्रामपंचायतीत विचारलं, तर वीजबिल थकल्यामुळं मोटारीची वीज तोडलेली. बिल का थकलं? पाणीपट्टी जमत नव्हती. थकबाकीची यादी वाचली, तर त्यात आपल्या गटातल्या तायांचीही घरं निघाली. सगळ्या गप्प झाल्या. मीही. तोवर अख्खा उन्हाळा डोक्यावरच्या हंड्यात गेला होता.

पुढच्या ग्रामसभेआधी महिलांनी आपल्या सभेत ठराव केला: पाणीपट्टी हप्त्यानं घ्यावी, जमा-खर्च फळ्यावर लिहावा आणि आधी वीजबिल भरावं. आता तिथं एक दिवसाआड पाणी येतं. सगळं सुटलं असं म्हणणार नाही, पण हंडे खाली उतरले.

कोणतं काम, कोणतं दार?

- नळाचं पाणी, गटार, दिवाबत्ती: ग्रामपंचायत. तिथं दाद लागली नाही तर पंचायत समितीत गटविकास अधिकारी.
- पाण्याच्या टाकीचं किंवा पाइपलाइनचं काम अर्धवट: जिल्हा परिषदेचा पाणीपुरवठा विभाग.
- अंगणवाडी: पर्यवेक्षिका, मग तालुक्याचं बालविकास प्रकल्प कार्यालय.
- रेशनकार्ड: तहसीलमधली पुरवठा शाखा. धान्य केंद्राकडून येतं, पण कार्ड आणि दुकान राज्याच्या यंत्रणेकडे.
- सातबारा: तलाठी, मग तहसील.

आपला 'उमेद'चा निधीसुद्धा असाच येतो बरं का. त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के.

आपण काय करायचं?

महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी असा कायदा आहे. ती कागदावरच होऊ देऊ नका. तारीख विचारा, गटानं मिळून जा, विषय आधी लिहून न्या. ठराव झाला की तो वहीत लिहिला का ते बघा, नक्कल मागा. अर्ज कुठंही द्या, पण पोच घेतल्याशिवाय दारातून हलू नका. आणि गावच्या पाणीपुरवठा समितीत निम्म्या जागा बायकांच्या असायला हव्यात. तुमच्या समितीत कोण कोण आहे, नावं माहीत आहेत का?

केंद्र दिल्लीत, राज्य मुंबईत. तिथं आपण निवडून दिलेली माणसं बसतात. पण ग्रामसभेत मतदारयादीत नाव असलेली प्रत्येक बाई स्वतः बसते, स्वतः बोलते. एवढं जवळचं दार दुसरं नाही.

पुढच्या बैठकीत एवढंच करा: गावातली एक अडचण घ्या आणि ती कोणत्या दारातली आहे ते सगळ्यांनी मिळून ओळखा. अडलं तर सीआरपी ताईंना विचारा, नाहीतर मला हाक मारा. या वेळी मी आधी विचारीन, मगच अर्ज लिहीन.

तुमची,
क्षेत्र समन्वयक